त्या संध्याकाळपासून डोकं उतरलंच नाही

एकतीस वर्षांच्या एक माध्यमिक शिक्षिका. तक्रार एका ओळीत मावणारी: गेले चौदा महिने डोकं रोज दुखतंय आणि एकदाही पूर्ण थांबलेलं नाही. सोबत जाड फाईल. तिच्यात सायनसचा सीटी स्कॅन, दोनदा बदललेल्या चष्म्याचे नंबर, मानेचा एक्स-रे, फिजिओथेरपीची कार्डं, मेंदूचा साधा एमआरआय आणि सर्वांत वरच्या चिठ्ठीवर शेरा: ‘तणावामुळे होणारी डोकेदुखी. सर्व रिपोर्ट नॉर्मल.’

(ओळख पटू नये म्हणून या प्रकरणात एकापेक्षा जास्त रुग्णांच्या हकिकती एकत्र केल्या आहेत. निदानाचा क्रम आणि उपचार मात्र प्रत्यक्षात केले जातात तसेच आहेत.)

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण असं की रोजच्या डोकेदुखीत तपासण्या बहुतेक वेळा नॉर्मल येतात आणि तिथेच सगळे थांबतात. रुग्णाला वाटतं आपलं दुखणं कुणाला पटत नाही, डॉक्टरला वाटतं शोधण्यासारखं काही उरलं नाही. निदान मात्र बऱ्याचदा एका अशा प्रश्नाच्या उत्तरात असतं जो कुणी विचारलेलाच नसतो: हे सुरू कसं झालं?

सुरुवातीची हकिकत

त्या बोलायला लागल्या तेव्हा आधी सायनस, मग मान, मग शाळेतला कामाचा ताण अशा क्रमाने सांगत गेल्या. हा क्रम त्यांचा नव्हता, आधीच्या डॉक्टरांचा होता. म्हणून थांबवून विचारलं, “हे दुखणं सुरू झालं तो दिवस आठवतो का?”

उत्तर लगेच आलं. “हो डॉक्टर. गुरुवार होता. आधी चार-पाच दिवस ताप, घसा, अंगदुखी झाली होती. ताप उतरून दोन दिवस झाले होते. संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, साडेसहाच्या सुमारास कपाळाच्या दोन्ही बाजूंनी दुखायला लागलं. वाटलं, थकवा असेल. जेवून झोपले. सकाळी उठले तर तसंच. तेव्हापासून आजपर्यंत ते गेलेलंच नाही.”

तारीख, वार, वेळ, त्या वेळी हातात काय होतं, सगळं लक्षात होतं. रोज डोकं दुखणाऱ्या बहुसंख्य लोकांना असं सांगता येत नाही. त्यांची हकिकत हळूहळू दाटत गेलेली असते: कॉलेजात असताना महिन्यातून एकदा दुखायचं, पुढे आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, आणि रोजचं कधी झालं ते कळलंच नाही. ती वाट सहसा दीर्घकालीन मायग्रेनची म्हणजे जुन्या अर्धशिशीची असते, किंवा दीर्घकालीन ताण-प्रकारच्या डोकेदुखीची.

इथे मात्र जवळजवळ कोरी पाटी होती. आधी परीक्षेच्या काळात वर्षातून एक-दोनदा डोकं दुखायचं आणि झोपलं की थांबायचं, इतकंच. आईला अर्धशिशी होती, यांना कधीच नव्हती. मग एका संध्याकाळी दुखायला लागलं आणि चोवीस तासांच्या आत ते कायमचं झालं.

याला ‘नव्याने सुरू झालेली दैनंदिन चिवट डोकेदुखी’ म्हणतात. वॉल्टर व्हॅनास्ट यांनी १९८६ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या २०१८ च्या वर्गीकरणातल्या अटी मोजक्या आहेत: सुरुवात ठळक आणि स्पष्ट आठवणारी, चोवीस तासांच्या आत दुखणं सलग व न थांबणारं, तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेलं, आणि दुसऱ्या कुठल्या निदानाने ते अधिक चांगलं समजत नाही. दुखणं कसं असावं, ठणकणारं की आवळणारं, याची अट त्यात नाही. २००४ च्या आवृत्तीत ती होती. त्या वेळी ही डोकेदुखी ताण-प्रकारासारखीच असली पाहिजे असं धरलं होतं, त्यामुळे अर्धशिशीसारखी लक्षणं असलेले अनेक रुग्ण निदानाबाहेर राहत. नवी अट सैल झाली ते बरंच झालं, कारण प्रत्यक्षात अशा रुग्णांमध्ये मळमळ आणि उजेडाचा त्रास सर्रास दिसतो.

महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणं प्रौढांमध्ये साधारण तीन ते पाच टक्के लोकांत आढळतं. त्या मोठ्या गर्दीत हा प्रकार दुर्मीळ आहे. स्पेनमधल्या एका पाहणीत हजारी एक, तर नॉर्वेतल्या पाहणीत त्याहून कमी लोक सापडले. दुर्मीळ असल्यामुळे तो डोक्यात येत नाही, आणि डोक्यात आला नाही की सुरुवातीचा दिवस विचारला जात नाही.

दुखण्याचं रूप

दुखणं दोन्ही बाजूंनी, कपाळ आणि कानशिलांवर, थोडं डोळ्यांच्या मागे. दहापैकी पाच-सहा तीव्रतेचं, सतत. त्यांचे शब्द: “घट्ट हेल्मेट घालून झोपल्यासारखं वाटतं, आणि ते काढताच येत नाही.” महिन्यातून आठ-नऊ दिवस ते आठपर्यंत चढायचं, ठणकायला लागायचं, उजेड आणि वर्गातला गोंगाट सहन व्हायचा नाही, पोटात ढवळायचं. दोनदा उलटीही झाली होती. अशा दिवशी खोली अंधारी करून पडून राहिलं की तीव्रता पाचवर यायची. शून्यावर कधीच नाही.

“महिन्यातले किती तास डोकं अगदी स्वच्छ, काहीच न दुखणारं असतं?” हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो. “महिन्यातून किती वेळा दुखतं” असं विचारलं की लोक फक्त मोठे झटके मोजून सांगतात आणि रोजचं मंद दुखणं हिशेबात धरत नाहीत. या बाईंचं उत्तर होतं, “चौदा महिन्यांत एकही तास नाही.”

दुखणं एकाच बाजूला असतं, तर निदानाची दिशा पूर्ण बदलली असती. ‘हेमिक्रेनिया कंटिन्युआ’ नावाचा प्रकार असतो. त्यात एकच बाजू सतत दुखते आणि दुखणं चढलं की त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं, नाक चोंदतं, कधी पापणी किंचित खाली येते. इंडोमेथासिन या औषधाने तो पूर्ण थांबतो, आणि हा प्रतिसाद हाच निदानाचा भाग आहे. सुरुवात ठळक आठवत असली तरी या प्रकारच्या अटी पूर्ण होत असतील तर निदान त्याचंच धरायचं असा नियम आहे. म्हणून बाजू, डोळा, नाक, पापणी यांची विचारपूस करायचीच. झटक्याच्या वेळी रुग्णाने आरशात पाहिलं होतं का, किंवा घरच्यांनी चेहऱ्यात काही फरक पाहिला होता का, तेही विचारावं. इथे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं होतं, त्यामुळे इंडोमेथासिन देऊन पाहण्याची गरज पडली नाही. एकाच बाजूचं दुखणं असेल तर मात्र ती चाचणी टाळू नये. पोटाचं संरक्षण करणारं औषध सोबत देऊन, मात्रा पुरेशी वाढवून ती करावी.

पर्समधल्या गोळ्या

“कोणती औषधं घेता?” या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “विशेष काही नाही, फारच दुखलं तर गोळी.” मी पर्समध्ये असतील त्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. तीन अर्धवट पाकिटं निघाली. दोन वेगवेगळ्या नावांची, पण मागचा बारीक मजकूर वाचल्यावर दोन्हींत पॅरासिटामॉल आणि कॅफीन. तिसरी वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी अशी मिश्र गोळी. सकाळी शाळेत निघताना एक, दुपारी एक, आणि ‘विशेष दुखलं’ तर रात्री. हिशेब केला तर महिन्यातले बावीस-तेवीस दिवस. त्यांनी स्वतः तो आकडा कधी मोजला नव्हता आणि ऐकून त्या खरोखर चकित झाल्या.

साधी वेदनाशामकं महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गट (ही अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधं) किंवा अफूवर्गीय औषधं दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर ती औषधंच डोकेदुखी टिकवून ठेवतात. याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. यात एक गोष्ट रुग्णासमोर ठामपणे सांगायला हवी: हे व्यसन नाही आणि रुग्णाचा दोषही नाही. रोज दुखणारा माणूस रोज गोळी घेतो यात नवल ते काय. पाठदुखीसाठी तीच औषधं घेणाऱ्या माणसाला आधी डोकेदुखीची प्रवृत्ती नसेल तर सहसा हा त्रास होत नाही. दुखण्याकडे झुकलेल्या मेंदूलाच तो होतो.

इथे कालक्रम महत्त्वाचा होता. दुखणं पहिल्या दिवसापासून सलग होतं, गोळ्यांचं प्रमाण वाढलं ते चौथ्या-पाचव्या महिन्यापासून. म्हणजे गोळ्यांमुळे डोकेदुखी सुरू झाली नव्हती, पण आता तिच्यात भर पडत होती. अशा वेळी दोन्ही निदानं मांडायची असतात.

धोक्याच्या गोष्टी वगळताना

अचानक सुरू होऊन न थांबणाऱ्या डोकेदुखीत आधी विचार करायचा तो जीवघेण्या किंवा दृष्टी घालवणाऱ्या कारणांचा. इतके महिने झाले आणि काही बिघडलं नाही, म्हणजे गंभीर काही नसणार, असं धरून चालणं मला मान्य नाही. डोक्यातला दाब वाढण्याचा आजार महिनोन्‌महिने फक्त डोकेदुखीच्या रूपात राहू शकतो आणि तोवर डोळ्यांच्या नसा हळूहळू खराब होत असतात.

वाढलेल्या दाबासाठी विचारलं: वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते का, कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येतो का, वस्तू दोन दिसतात का, वजन अलीकडे वाढलं का. तापाच्या वेळी किंवा मुरुमांसाठी टेट्रासायक्लिन गटाचं प्रतिजैविक घेतलं होतं का, हेही विचारलं, कारण त्या औषधांनी आणि अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेने दाब वाढतो. कमी दाबासाठी: उभं राहिल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर थांबतं का? हे ‘सुरुवातीला’ कसं होतं हे वेगळं विचारावं लागतं, कारण मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती जुनी झाली की उठण्या-झोपण्याचा फरक पुसट होतो. शिरांमधल्या गुठळीसाठी: गर्भनिरोधक गोळ्या, नुकतीच प्रसूती, पूर्वी पायात गुठळी. मानेला झटका किंवा इजा झाली होती का? रात्री घोरणं आणि सकाळी जड डोकं? ताप परत येतो का, वजन घटतंय का? पन्नाशी ओलांडलेली व्यक्ती असती तर कानशिलाच्या धमनीची सूज, चावताना जबडा दुखणं, ईएसआर आणि सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) यांचा विचार सर्वांत आधी केला असता. इथे वयाने तो मुद्दा गैरलागू होता.

सगळी उत्तरं नकारार्थी.

तपासणीत रक्तदाब ११८/७६. मज्जासंस्थेची तपासणी नॉर्मल. मानेच्या वरच्या टोकाला, डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना, ऑक्सिपिटल नस जिथे वर येते तिथे बोटाने दाबल्यावर त्या दचकल्या आणि म्हणाल्या, “हेच कपाळात येतं.” ही खूण विशिष्ट रोगाची नाही, पण उपचाराचा एक मार्ग दाखवते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून केली. नसेच्या कडा स्वच्छ, आणि शिरांमधलं स्पंदन दिसत होतं. डोकेदुखीच्या रुग्णाचा डोळ्यांचा पडदा न पाहता त्याला घरी पाठवू नये. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चौदा महिन्यांच्या त्या फाईलमध्ये त्याची एकही नोंद नव्हती.

त्यांचा आधीचा एमआरआय साधा होता, म्हणजे शिरांचे आणि आवरणांचे प्रश्न त्याने सुटले नव्हते. कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं शिरेतलं औषध) देऊन पुन्हा एमआरआय केला आणि शिरांची वेगळी चित्रं घेतली. गुठळी नाही, मेंदू खाली ओढला गेलेला नाही, आवरणं जाड किंवा उजळलेली नाहीत, पिट्युटरी ग्रंथीची खोबण रिकामी (दाब वाढल्याची खूण) दिसत नाही, स्फिनॉइड सायनस मोकळा. रक्ताच्या तपासण्या आणि थायरॉइड ठीक.

पाठीतलं पाणी काढून दाब मोजायचा का, यावर थोडा विचार केला. पडद्यावर सूज नसताना दाब वाढलेला असू शकतो, क्वचित का होईना. दुखणं चौदा महिन्यांचं होतं आणि पुढचे उपचार दीर्घ चालणार होते. रुग्णाशी बोलून, या तपासणीनंतर काही दिवस उभं राहिल्यावर डोकं दुखू शकतं हे आधी सांगून, बारीक बोथट सुईने ती केली. कुशीवर झोपवलं, सुई आत गेल्यावर पाय हळूहळू सरळ करायला लावले, श्वास मोकळा घ्यायला सांगितला, आणि मगच नळीतल्या पाण्याची उंची वाचली. पोट आवळून, गुडघे छातीशी घेतलेल्या अवस्थेत वाचलेला आकडा खोटा वाढलेला येतो आणि माणूस विनाकारण दाबाचा रुग्ण ठरतो. उंची होती १७ सेंटिमीटर. प्रौढांमध्ये पंचवीसच्या पुढे दाब वाढला असं मानतात. पेशी, प्रथिनं, साखर नॉर्मल.

निदान लिहिलं: नव्याने सुरू झालेली दैनंदिन चिवट डोकेदुखी, अर्धशिशीसारख्या लक्षणांसह, आणि औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी. झटक्यांमध्ये अर्धशिशीच्या अटी बसत असूनही दीर्घकालीन मायग्रेन असं लिहिलं नाही, कारण पहिल्या प्रकारच्या अटी पूर्ण होत असतील तर त्याचंच नाव द्यायचं असतं.

निदान सांगताना

दुसऱ्या भेटीला त्यांचे पती सोबत आले. पहिलाच प्रश्न त्यांचा: “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत तर मग दुखतं कशाला? मनाचं आहे का?”

त्यांना सांगितलं की हे रिपोर्ट मेंदूची रचना दाखवतात. वेदना वाहून नेणाऱ्या आणि तिला आवर घालणाऱ्या यंत्रणेचं काम बिघडलं तर ते त्या चित्रांत दिसत नाही. विषाणूच्या तापानंतर ही यंत्रणा चेतवली गेली आणि परत शांत झाली नाही असा तर्क आहे. अशा डोकेदुखीचं पूर्ण कारण वैद्यकाला अजून माहीत नाही. बऱ्याच रुग्णांत आधी ताप किंवा संसर्ग, काहींत शस्त्रक्रिया किंवा मोठा मानसिक धक्का, आणि जवळपास निम्म्यांत काहीच सापडत नाही. कोविडनंतरही अशा डोकेदुखीची वर्णनं आली आहेत.

मन आणि झोप यांची चौकशी केली तीही त्यांच्या समोर, कारण सांगून. नैराश्याच्या प्रश्नावलीत सत्तावीसपैकी बारा गुण आले, म्हणजे मध्यम. “जगणं नकोसं होतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का?” हेही थेट विचारलं. तसा विचार नव्हता, पण “असं आयुष्यभर कसं काढायचं” हा प्रश्न रोज रात्री येत होता. वर्षभर एक क्षणही न थांबलेल्या वेदनेनंतर असं वाटणं स्वाभाविक आहे. वेदनेमुळे नैराश्य आलं की नैराश्यामुळे वेदना, यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन्हींवर एकाच वेळी उपचार करणं मला पटतं.

पुढची गोष्ट सांगणं जास्त अवघड होतं. या निदानात दोन वाटा दिसतात. काहींची डोकेदुखी काही महिन्यांत आपोआप विरते. काहींची वर्षानुवर्षं औषधांना दाद देत नाही. चौदा महिन्यांनंतर पहिली वाट बंद झाली असं म्हणता येत नाही, पण तिची खात्रीही देता येत नाही. खास याच आजारासाठी सिद्ध झालेलं औषध नाही. म्हणून दुखण्याचं रूप पाहून उपचार करायचे: अर्धशिशीसारखं असेल तर अर्धशिशीचे प्रतिबंधक (झटके कमी व्हावेत म्हणून रोज घ्यायची औषधं), आवळणारं असेल तर त्या प्रकारचे. पहिलं उद्दिष्ट शून्य नाही, तीव्रता आणि झटके निम्म्यावर आणणं हे ठरवलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. अतिआश्वासन दिलं असतं तर तिसऱ्या महिन्यात त्या उपचार सोडून गेल्या असत्या, असं माझं मत आहे.

उपचार आणि पुढचा प्रवास

मिश्र गोळ्या एका दिवसात बंद केल्या. त्यांत अफूवर्गीय किंवा झोपेचं औषध नसल्याची खात्री करूनच, कारण तसं असतं तर ती हळूहळू उतरवावी लागली असती. कॅफीन अचानक थांबल्यावर बारा ते चोवीस तासांत डोकं वाढतं आणि त्रास आठवडाभर राहू शकतो, म्हणून सुट्टीचा आठवडा निवडला. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वाईट वाटेल, मळमळ होईल, झोप उडेल, हे कागदावर लिहून दिलं. आधार म्हणून आठ दिवस नॅप्रोक्सेन पाचशे मिलिग्रॅम दोनदा, पोटाच्या गोळीसोबत, आणि मळमळीचं औषध. त्याच भेटीत दोन्ही बाजूंच्या ऑक्सिपिटल नसेजवळ बधिर करणाऱ्या औषधाचं आणि थोड्या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. प्रतिबंधक औषधही त्याच रात्रीपासून. आधी गोळ्या सुटू देऊन मग प्रतिबंधक सुरू करण्याची जुनी पद्धत आहे. पण त्या मधल्या महिन्यात रुग्णाच्या हाती काहीच उरत नाही, म्हणून मी ती वापरत नाही.

इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी त्या प्रतीक्षा कक्षातून परत आल्या. मागचं डोकं बधिर झालं होतं आणि कपाळातलं दुखणं पाचावरून दोनवर आलं होतं. तीन दिवस ते तसं राहिलं. मग पुन्हा चढलं, पण गोळ्या सोडण्याचे सर्वांत कठीण दिवस मागे पडले होते.

अॅमिट्रिप्टिलिन दहा मिलिग्रॅमपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी वाढवलं. पंचवीसला तोंड कोरडं पडू लागलं आणि पहिल्या तासाला वर्गात डोळे मिटायचे. गोळीची वेळ रात्री साडेदहावरून साडेआठवर आणली आणि सकाळची गुंगी गेली. हा साधा बदल न सुचवल्यामुळे चांगलं चालणारं औषध अनेकदा सुटतं. पुढे चाळीसपर्यंत गेलो. झोप सलग झाली.

तीन महिन्यांनी डायरी पाहिली. डायरी म्हणजे रोज रात्री तीनच नोंदी: दिवसातली जास्तीत जास्त तीव्रता, कमीत कमी तीव्रता, घेतलेली गोळी. त्याहून जास्त लिहायला सांगितलं की दुखणं हेच दिवसाचं केंद्र होऊन बसतं. गोळ्या बावीस दिवसांवरून पाचवर आल्या होत्या. झटके नऊवरून सहावर. तळाची तीव्रता पाच-सहावरून चार. पण स्वच्छ तास अजून शून्य.

इथे टोपिरामेट हे दुसरं प्रतिबंधक औषध जोडलं. गर्भधारणेत बाळाला धोका असल्याने आधी त्याबद्दल बोललो, सध्या तसा विचार नव्हता आणि गर्भनिरोधाची सोय होती. पंचवीसवरून पंच्याहत्तरपर्यंत गेल्यावर बोटांना मुंग्या आल्या, त्या त्यांनी सोसल्या. पण सहाव्या आठवड्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, “फळ्यासमोर उभी राहते आणि शब्दच सापडत नाही. मुलं वाट बघतात.” शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा दुष्परिणाम सौम्य म्हणता येणार नाही. औषध टप्प्याटप्प्याने काढलं, शब्द दोन आठवड्यांत परत आले.

मग बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं. दीर्घकालीन मायग्रेनसाठी ठरलेला आराखडा: कपाळ, कानशिलं, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे अशा एकतीस जागी मिळून १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. या निदानासाठी त्याचा पुरावा कमी रुग्णांवरचा आहे, हे सांगून संमती घेतली. पहिल्या फेरीनंतर मान आठवडाभर जड वाटली, फायदा जेमतेम. एका फेरीवर निकाल लावू नये, दुसरी घेतली. तिच्यानंतर झटके तीनवर आले आणि उजेडाचा त्रास बराच कमी झाला.

औषधांच्या जोडीला वेदनेसाठीचं वर्तनोपचार सत्र सुरू होतं. त्याचा रोख एकाच गोष्टीवर: दुखेल या भीतीने सोडलेली कामं एकेक करून परत घेणं. त्यांनी शाळेचं वाचनमंडळ सोडलं होतं, भावाच्या घरी जाणं सोडलं होतं, संध्याकाळी चालणं सोडलं होतं. चालणं आधी परत आलं, पंधरा मिनिटांपासून. दुखत असतानाही चालायचं, दुखणं वाढलं तर वेग कमी करायचा पण घरी परत फिरायचं नाही, असं ठरलं. नैराश्याचे गुण सहा महिन्यांत बारावरून पाचवर आले.

नवव्या महिन्यातल्या डायरीत एका रविवारी ‘कमीत कमी तीव्रता’ या रकान्यात शून्य होतं. त्यांनी ते दोनदा गिरवलं होतं. सकाळी सात ते अकरा, चार तास. मी लगेच औषध कमी केलं नाही आणि त्यांनीही तशी घाई केली नाही. पुढच्या महिन्यात असे तीन दिवस आले, त्याच्या पुढच्या महिन्यात एकही नाही, मग चार. हे चढउतार अपेक्षित असतात. शून्याच्या दिवसानंतर दुखणं परतलं की रुग्ण सर्वांत जास्त खचतो, आणि नेमकं तेव्हा गोळ्यांचं पाकीट पुन्हा पर्समध्ये येतं. म्हणून पहिल्या शून्याच्या भेटीतच पुढच्या वाईट आठवड्याबद्दल बोलून ठेवलं होतं.

आज उपचार सुरू होऊन सव्वा वर्ष झालं आहे. डोकं बहुतेक दिवस दुखतं, तळाची तीव्रता दोन-तीन. महिन्यातून दोन-तीन झटके, चार-पाच स्वच्छ दिवस. गेल्या तिमाहीत डोक्यामुळे शाळा एकच दिवस बुडाली. झटक्यासाठी नॅप्रोक्सेन, आठवड्यातून दोन दिवसांच्या आत, तारीख पाकिटावर लिहून. अॅमिट्रिप्टिलिन तीसवर आणलं आहे आणि आणखी सहा महिने तिथेच ठेवायचं आहे. टॉक्सिनच्या फेऱ्यांमधलं अंतर पुढच्या वेळी बाराऐवजी सोळा आठवडे करून पाहायचं ठरलं आहे. त्यात झटके वाढले तर पुन्हा बारावर. पडद्याची तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि दुखण्याचं रूप बदललं, एका बाजूला सरकलं किंवा उठताना-वाकताना फरक पडू लागला, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता यायचं. मूल होऊ देण्याचा विचार सुरू झाल्याचं त्यांनी गेल्या भेटीत सांगितलं, त्यामुळे कोणती औषधं केव्हा थांबवायची याचं वेळापत्रक स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत बसून आता आखत आहोत.